लळिंग ते पाल : वैशाखातलं श्रमदान

वैशाखात खान्देशात रानात काम करायला चाललोय म्हटलं की नाशिक-पुण्याकडचे नातेवाईक आधी हसतात आणि मग काळजीने चौकशी करतात. त्यांचं चुकत नाही. या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या खाली यायला तयार नसतो आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण पाणवठ्याचं काम उन्हाळ्यातच करायचं असतं. पावसाळ्यात पाणवठा साफ करून कुणाचं भलं होणार?

आमच्या गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर तर नाहीच. धुळे, अमळनेर, शिरपूरची मंडळी: सुट्टीवरचे दोन-तीन शिक्षक, इंजिनीअरिंगची काही पोरं, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक ताई आणि कपाशीचे शेतकरी असलेले जिभाऊ. जिभाऊंचं वय आमच्यात सर्वांत जास्त आणि बोलणं सर्वांत कमी. वनखात्याची लेखी परवानगी महिनाभर आधी काढलेली होती. बेत असा की लळिंगच्या कुरणापासून सुरुवात करायची, अनेरला मुक्काम करायचा आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री यावल अभयारण्यात पालच्या बाजूला मचाणावर बसायचं.

मंगळवार : लळिंगचं कुरण

धुळ्याहून मालेगावच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात महामार्गाच्या कडेला लळिंगचा किल्ला दिसतो. फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशाच्या राजकारणात या किल्ल्याला मोठं वजन होतं. आत कुरणात लांडोर बंगला आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याला आले त्या भेटीची आठवण म्हणून ३१ जुलैला इथे मोठी गर्दी होते. एरवी इथे येणाऱ्या बऱ्याच जणांना किल्ला आणि धबधबा एवढंच ठाऊक असतं. कुरण म्हणजे त्या दोहोंच्या मधली मोकळी जागा!

आम्ही त्या मोकळ्या जागेसाठीच आलो होतो.

सकाळी साडेपाचला वनरक्षक भेटले. हातमोजे, गोण्या आणि तारा कापायच्या पकडी वाटून झाल्या. पहिलं काम फास शोधण्याचं. क्लच वायरचा किंवा बारीक तारेचा फास कुंपणाच्या फटीत, जनावरांच्या पायवाटेवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेला असतो. लावणाऱ्याला ससा किंवा रानडुक्कर हवं असतं, पण फासाला निवड कळत नाही. तरस अडकतं, खोकड अडकतं, बिबट्याही अडकतो. शोधताना उभ्याने चालून उपयोग नाही. पाठ वाकवून, जनावराच्या उंचीवरून वाट बघत जावं लागतं. तासाभरात कंबर बोलायला लागली. सापडलेला प्रत्येक फास वनरक्षकांनी जागेवरच नोंदवून घेतला, फोटो काढला आणि मगच कापू दिला. पोरांना घाई झाली होती, पण वनरक्षकांचंच बरोबर. तोही गुन्ह्याचा पुरावा असतो.

एका कोरड्या नाल्याच्या रेतीत ठसे दिसले. नखं उमटलेली, म्हणजे मांजरकुळातलं जनावर नाही. आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा. तरस! पुढे त्याची विष्ठाही सापडली, खडूसारखी पांढरी. हाडं चावून खाणाऱ्या जनावराच्या पोटातून चुना बाहेर पडणारच. ताईंनी ती काडीने फोडून बघितली तेव्हा एका पोराला मळमळलं, पण नंतर तोच सर्वांत जास्त प्रश्न विचारत होता.

दुसरं काम वेडी बाभूळ उपटण्याचं. ही मूळची अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी आणि वाळवंट थोपवण्यासाठी इकडे आणलेली. तोडली की चौपट फुटते, म्हणून मोठी झाडं आमच्या हातातली नाहीत. आम्ही गुडघ्याएवढी रोपं मुळासकट काढली. वैशाखातल्या भुईतून रोप काढणं म्हणजे कुदळीशी कुस्ती.

नाश्त्याला बसलो तेव्हा नव्याने आलेल्या एका पोराने विचारलं, "सर, आपण झाडं कधी लावायची?"

हा प्रश्न दरवेळी येतो आणि दरवेळी मी तापतो. माळावर झाडं लावायची नसतात. मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी ही गवतं म्हणजेच इथलं जंगल. मधूनमधून एखादं हिवर, बोर, हिंगणबेट, बस्स. खोकड मोकळ्या भुईत बीळ करतं. धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, तीही ऐन उन्हाळ्यात. पखुर्डीचा नर पाण्यात पोटाची पिसं भिजवून पिलांसाठी पाणी वाहून नेतो. तिला पाण्याभोवती झुडूप नको असतं, कारण झुडपाआड मांजर बसतं. अशा जागी सलग चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की फोटो हिरवा येतो आणि माळ मरतो. याला कारण आपली भाषा आणि आपला सातबारा. ज्यात धान्य नाही आणि लाकूड नाही ते ‘पडीक’, हे इंग्रजांच्या महसूल खात्याने शिकवलं आणि आपण ते अजून घोकतोय.

धुळ्याच्या आसपास वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला त्याच्या निम्माही नाही. तेव्हा खान्देशाला वाळवंट म्हणता येणार नाही. पण थर वाळवंटातली खोकड, लांडगा, तरस, चिंकारा, धाविक, चंडोल ही सगळी मंडळी दख्खनच्या कोरड्या माळावरचीही आहेत. त्यांना नकाशावरची नावं ठाऊक नाहीत; आखूड गवत आणि लांबवर दिसणारं क्षितिज एवढं त्यांना पुरतं.

अकराला काम थांबवलं. त्यानंतर उन्हात राहणं हा शूरपणा नसून मूर्खपणा असतो.

बुधवार : सोनगीर, मग अनेर

पहाटे शिरपूरच्या वाटेला लागलो. सोनगीरला चहा घेतला. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखलं जातं आणि पहाटेही कुठून तरी ठोक्यांचा आवाज येत होता. गावाच्या पुढे एका मोकळ्या शेतात ठेलारी मेंढपाळांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, बसलेला दिसला. मेंढ्या, दोन घोडी, कोंबड्यांचा पिंजरा, बाजेवर झोपलेलं तान्हं पोर. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. जिभाऊंनी गाडी थांबवायला लावली. वाड्यातले म्हातारे नाना त्यांच्या ओळखीचे निघाले.

लांडग्याचा विषय मीच काढला. नाना तंबाखू मळत अहिराणीत म्हणाले, "येस ना. एखादं कोकरू लई जास. त्याले बी पोट शे."

नुकसानभरपाई मिळते का, असं ताईंनी विचारलं. लांडग्याने मारलेल्या मेंढीची भरपाई मिळण्याची सरकारी तरतूद आहे, पण तिला पंचनामा लागतो आणि पंचनाम्याला थांबणं लागतं. आज इथे, परवा दहा कोस पुढे, अशा वाड्याने कुणाची वाट बघायची? नानांनी त्यावर नुसतं हसून हात झटकला. त्यांची तक्रार लांडग्याबद्दल नव्हतीच. "माळ ऱ्हायना कोठे आते? जठे पहा तठे तार," एवढंच ते म्हणाले आणि पश्चिमेकडे, साक्रीच्या दिशेने, हनुवटी उडवली.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. गाडीत यावरून जुंपली. शिरपूरचे सर मागे जैसलमेरला स्वयंसेवक म्हणून जाऊन आलेत, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी तिथली गोष्ट सांगितली. माळढोक पक्षी जगात आता दीडशेच्या आत उरलेत आणि त्यांतले बहुतेक थरमध्ये. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. वजन मोठं, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकांच्या मुलखातल्या वीजवाहिन्या जमिनीखाली न्यायचा आदेश दिला. २०२४ मध्ये न्यायालयानेच तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. दरम्यान जैसलमेरजवळच्या सम इथल्या केंद्रात अंडी उबवून पिलं वाढवण्याचं काम २०१९ पासून सुरू आहे आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिलू जन्मलं.

"पिलं वाढतील हो," सर म्हणाले, "पण सोडणार कुठे?"

इंजिनीअरिंगच्या पोरांपैकी एक सौरऊर्जेचा कैवारी. कोळसा जाळायचा का मग, असा त्याचा सवाल. तोही खरा. माझं म्हणणं एवढंच की प्रकल्पाची जागा शोधताना आपण आधी माळ बघतो, कारण कागदावर तिथे कुणीच राहत नाही. नाना आणि लांडगा दोघेही त्या कागदावर नाहीत. वाद सावळदेच्या पुलापर्यंत चालला. तापीचं पात्र दिसल्यावर सगळे गप्प झाले आणि मोबाईल बाहेर काढून फोटो घेऊ लागले.

अनेरचं अभयारण्य १९८६ चं, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचं, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी. धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं होतं. काठावर तुटक्या नायलॉन जाळ्यांचे गुंते पडले होते. पाणकावळा, कासव, कधी कोल्ह्याचं पिलू. जे येईल ते या जाळ्यात गुंततं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ते वेचायला लागलो. वाळलेल्या गाळात अर्धं गाडलेलं जाळं ओढून काढणं सोपं नाही. कापून काढलं तर तुकडे राहतात, म्हणून बोटांनी उकरायचं. दोन तासांत पाच गोण्या भरल्या आणि काठ तसाच दिसत होता.

जेवणं पायथ्याच्या गावात, एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या अंगणात. ज्वारीची भाकर, उडदाची डाळ आणि जाळ काढणारी चटणी. अंगणाच्या कडेला अंजनाचं झाड होतं. अंजन हा खान्देशाच्या कोरड्या डोंगरांचा खरा राजा. दगडातून वर येतो, लाकूड लोखंडासारखं आणि पाला दुष्काळात गुरांच्या तोंडी. त्याच्याखाली बसून सरांनी रानपिंगळ्याची कथा सांगितली. आमच्यातल्या निम्म्यांना ती पाठ आहे, तरी दरवेळी ऐकतात.

ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन केलं. पुढे खान्देशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसनने याच सातपुड्याच्या पायथ्याशी काही नमुने गोळा केले, शेवटचे १८८४ साली. त्यानंतर पक्षी गायब! मधे मायनर्ट्‌झहागन नावाच्या कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत एक मारल्याचा दावा केला होता, त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले आणि कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच एक नमुना चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावली होती हे उघड केलं. खोटी जागा बाद करून, खऱ्या जागा धरून त्या दोन सहकाऱ्यांबरोबर निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

"म्हणजे तेवढी वर्षं तो इथेच होता," यजमानांचा मुलगा म्हणाला, "आन् आमना आजा त्याले रोज देखत व्हता."

सरांची कथा त्यापुढे सरकली नाही.

गुरुवार : पालचे पाणवठे आणि मचाण

चोपडा, अडावद, यावल, फैजपूर, खिरोदा. डाव्या हाताला सातपुडा आणि दोन्ही बाजूंना केळी. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं होतं, हे शिक्षकांनी न सांगता राहणं अशक्य. केळीच्या बागांतून बाहेर पडून घाट चढलो की पाचच मिनिटांत मुलूख बदलतो. पानगळ झालेले साग, सालईची पांढुरकी खोडं, धावडा, आणि जमिनीवर कुरकुरणारा पाला. पाल म्हणजे जळगाव जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण असं म्हणतात. आम्ही उतरलो तेव्हा थंडपणा कुठे दिसला नाही.

यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून. मेळघाटापासून पश्चिमेकडे निघालेल्या वाघाला सातपुड्यातून सरकायचं तर मुक्ताईनगरच्या जंगलातून पुढे हीच वाट. रानपिंगळ्याच्याही इथे नोंदी आहेत.

सकाळी वनमजुरांबरोबर पाणवठे साफ केले. वर्तमानपत्रात याची बातमी ‘श्रमदानातून पाणवठे पुनरुज्जीवित’ अशी येते, प्रत्यक्षात ते शेवाळ घासण्याचं काम आहे. सिमेंटची उथळ बशी असते. आधी जुनं पाणी नीट न्याहाळायचं. बेडूक, किडे, चतुरांच्या अळ्या जिवंत आहेत ना? पाण्यात काहीच हलत नसेल, कडेला मेलेले पक्षी असतील, तर हात न लावता थेट वनरक्षकाला हाक मारायची, कारण शिकारी पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक टाकतात. आमचं पाणी जिवंत होतं. मग बादल्यांनी उपसायचं, जिवंत किडे एका घमेल्यात बाजूला ठेवायचे, नारळाच्या काथ्याने आणि वाळूने तळ घासायचा. साबण, ब्लीचिंग पावडर काही नाही. तडा असेल तर भरायचा. शेवटी कडेला दगडांचा उतार रचायचा, म्हणजे खारीचं किंवा तितराचं पिलू आत पडलं तरी चढून बाहेर येईल. हा उतार बहुतेक ठिकाणी विसरलेला असतो. एवढा हौद बांधायचा आणि चार दगड ठेवायचे नाहीत!

टँकर आला, पाणी पडलं आणि दहा मिनिटांत मधमाश्या काठावर येऊन बसल्या.

थोडं खाली एका ओढ्याच्या वाळूत झिरा होता. हाताने उकरलेला हातभर खड्डा, तळाला नितळ पाणी. वनमजूर म्हणाले, माणसं अलीकडच्या बाजूने पितात, जनावरं रात्री पलीकडून. झिऱ्याला टँकर लागत नाही, शेवाळ धरत नाही. जिथे वाळू शिल्लक आहे तिथे झिरे मोकळे करायचे आणि जिथे वाळू उपसून नेली आहे तिथे सिमेंट ओतायचं. माझ्या मते सगळा हिशेब इथेच चुकतो. वाळू कोण नेतं हे खान्देशात कुणाला सांगायला नको.

पाचच्या आत मचाणावर. माझ्याबरोबर ताई आणि एक वनरक्षक. सूचना ठरलेल्या: भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही. पूर्वी या रात्रीच्या आकड्यांना प्रगणना म्हणत. आता वाघ-बिबट्यांची मोजणी कॅमेऱ्याने होते आणि ही रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून ओळखली जाते. ते प्रामाणिक आहे. एकच रानडुक्कर तीनदा पाण्यावर येऊन गेलं तर ते तीन धरायचे की एक, हे मचाणावरून कळत नाही.

नोंदवहीत आलं ते असं. सव्वासहाला मोर, मागे लांडोरी. सातला भेकर, दहा मिनिटं झाडीत उभं राहिलं, दोन घोट प्यायलं आणि गेलं. चंद्र वर आल्यावर रानडुकरांचा कळप, पिलांसह. त्यांनी आमच्या घासलेल्या पाणवठ्यात बैठक मारली. सकाळचं सगळं श्रमदान पाऊण तासात चिखल झालं आणि ताई तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. मग साडेअकरापर्यंत काही नाही. रातवा एकसारखा टकटकत होता. डासांनी वनरक्षकांना सोडून आम्हा दोघांनाच पसंती दिली. बाराच्या पुढे साळिंदर, मग एक उदमांजर. पुन्हा डुकरं. दोनला मला डुलकी लागली. ताईंच्या म्हणण्यानुसार त्याच वेळी नीलगाय येऊन गेली. पहाटे चारला परत डुकरं.

दुसऱ्या मचाणावर सरांना तरस दिसलं. त्यांनी ते आम्हाला दिवसभरात निदान आठ वेळा सांगितलं.

शुक्रवार : परत

नोंदी पालच्या कार्यालयात जमा केल्या. वनपालांनी पाणवठ्यांची यादी पुढे केली: कुठला आटलाय, कुठला गळतोय, कुठे टँकरचा रस्ता नाही. पाऊस पडेपर्यंत त्यांना माणसांपेक्षा पाणी हवं होतं.

खिरोद्याला उतरून एका टपरीवर पोहे घेतले. तिथे पायथ्याच्या गावातले एक केळीचे व्यापारी भेटले. आमचे चिखलाचे कपडे बघून त्यांनी चौकशी केली, पोह्यांचे पैसे दिले आणि म्हणाले, "आमच्या गावामागे गायरान पडलंय. पाचशे गुलमोहर देतो, या पावसाळ्यात लावून टाका."

मी तोंड उघडणार एवढ्यात जिभाऊ बोलले. तीन दिवसांत पहिल्यांदाच आपणहून.

"रोपं ऱ्हाऊ द्या दादा. पानीना दोन टँकर द्या."

व्यापाऱ्यांना ते जरा लागलं असावं. गायरानात आहेच काय, गवत तर आहे, असं म्हणाले. जिभाऊ म्हणाले, तेच शे. मग डिझेलचा भाव निघाला, ड्रायव्हरची रोजी निघाली, वनखात्याची परवानगी कोण काढणार ते निघालं. पोहे संपून दुसरा चहा झाला. शेवटी ठरलं ते असं: मृग निघेपर्यंत आठवड्याला एक टँकर, डिझेल अर्धं-अर्धं, परवानगी आम्ही काढायची. गुलमोहर गावच्या शाळेच्या कुंपणाला. त्याचे खड्डे मात्र आम्हीच येऊन खणायचे, हे त्यांनी आमच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं.